कॅसेट देतोस का?

घरात पन्नास हजारांचा कन्सोल, भिंतभर टीव्ही, यादी संपता संपत नाही एवढे गेम्स. तरी दिवाळीत गावी गेल्यावर हात गेला तो माळ्यावरच्या साडेसातशे रुपयांच्या सेटकडे. अडचण एकच होती. सेट आमच्या घरात आणि कॅसेट काकांच्या!

शुक्रवारची रात्र. हिंजवडीतून बाहेर पडायलाच सव्वा तास लागलेला. घरी आलो, आंघोळ केली, पिझ्झा मागवला, सोफ्यावर तंगड्या पसरल्या आणि मोठ्या ऐटीत कन्सोल सुरू केला. आठवडाभर याच घटकेची वाट बघत होतो, बॉस! स्क्रीनवर काय आलं? अपडेट. आधी कन्सोलचा, मग गेमचा. पिझ्झा संपला तेव्हा पट्टी सत्तर टक्क्यांवर होती. मी तिथेच घोरायला लागलो. टीव्ही सकाळी बायकोने बंद केला.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्या ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकची हीच स्टोरी आहे. शाळेत असताना वेळ होता, पैसा नव्हता. आता पैसा आहे, तर वेळ नाही. सेलमध्ये घेतलेले गेम्स शोकेसमधल्या काचेच्या भांड्यांसारखे नुसते मांडून ठेवलेत.

पण एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. 'आमच्या वेळी असं नव्हतं' छापाचं रडगाणं मला गायचं नाहीये. सत्तावीस वर्षं मी खेळतोय. टीव्ही गेम, सायबर कॅफेतलं काउंटर-स्ट्राइक, होस्टेलवरचा असेंबल्ड पीसी, मग पीएस२, पीएस४, पीएस५. नवीन कन्सोल भारी आहेत, यात वादच नाही. २ फेब्रुवारी २०२१ ला पीएस५ भारतात आला, डिस्कवाला ४९,९९० रुपयांना. मला तो हातात पडायला काही महिने गेले आणि पहिल्या रात्री मी खरंच लहान पोरासारखा जागलो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' २०२० मध्ये आला. भावाला सोडवायला निघालेली आपली एक पोरगी, मागे पुराणातले देव आणि राक्षस. वर्षाअखेरीस 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या इंडी गेम्सच्या नामांकनात तो जगातल्या बड्या नावांशेजारी होता. असं काही आमच्या लहानपणी स्वप्नातही नव्हतं.

मग माळ्यावरच्या डबड्याची आठवण कशाला? सांगतो.

वाटणीत गेलेला मारिओ

माझं गाव वालूर. परभणी जिल्हा, सेलू तालुका. पुण्या-मुंबईच्या मित्रांना पत्ता असा सांगावा लागतो : मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत बसा, सेलूला उतरा, पुढे रस्त्याने या.

१९९८ साली कापूस बऱ्या भावाने गेला आणि काका परभणीहून येताना पिशवीतून एक खोकं घेऊन आले. व्हिडिओ गेम! वाडा एक, टीव्ही एक, पोरं सहा. त्या रात्री कुणी जेवायला उठेना, शेवटी आजीने टीव्हीचा प्लग काढला.

तो सेट म्हणजे काय होतं, हे मला पुढे नोकरीला लागल्यावर कळलं. जपानच्या निन्तेन्दोने जुलै १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' नावाचा कन्सोल काढला. आपल्याकडे मात्र घरोघरी पोचल्या त्या त्याच्या नकला. कुणाकडे 'लिटल मास्टर', आणि आमच्याकडे नाव नसलेला, नुसता चकचकीत स्टिकर लावलेला. कंट्रोलरला आपण सगळे रिमोट म्हणायचो आणि कार्ट्रिजला कॅसेट. कॅसेट लावली की यादी यायची, '९९९९९९९ इन वन'. प्रत्यक्षात गेम पंधरा-वीस, तेच फिरून फिरून! पण त्या पंधरा-वीसांत मारिओ होता, कॉन्ट्रा होता, बदकं होती आणि 'टँक' होता. त्याचं खरं नाव 'बॅटल सिटी', हेही नंतरच कळलं. १९८५ चा मूळ सुपर मारिओ अवघ्या ४० किलोबाइट्सचा. आज व्हॉट्सअॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही त्याहून जड असतो!

घरचा नियम साधा होता. बाद झाला की रिमोट सोडायचा, रडायचं नाही. आणि या सगळ्यावर राज्य लोडशेडिंगचं. त्या गेम्समध्ये 'सेव्ह' नावाची भानगडच नव्हती. कॉन्ट्राच्या सातव्या लेव्हलला पोचावं आणि लाईट जावी! पुन्हा पहिल्यापासून. मराठवाड्यातल्या आमच्या पिढीला संयम कुठल्या शिबिरात मिळाला नाही, तो वीज मंडळाच्या वेळापत्रकातून मिळाला.

माझा जोडीदार म्हणजे दादा, काकांचा थोरला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. एक नंबरचा रिमोट त्याचा, दोन नंबरचा माझा. यावर चर्चा नाही.

२००४ मध्ये वाटण्या झाल्या. शेत, बैल, भांडी, आंब्याची झाडंसुद्धा मोजली गेली. टीव्ही आमच्याकडे आला म्हणून त्याच्याखालचा सेटही आला. कॅसेटचा पत्र्याचा डबा मात्र दादाच्या कपाटात होता, तो कपाटासकट तिकडे गेला. कुणी मुद्दाम केलं नाही. पण सेटविना कॅसेट आणि कॅसेटविना सेट, दोन्ही भंगार. दोन घरांचं बोलणंही थांबलं. लग्नात, मयतीला समोर आलो की 'बरं आहे का?' एवढंच. पुढे मी पुण्याला गेलो, दादा शेती बघत राहिला.

जुना मारिओ एवढा फास्ट कसा?

मधल्या काळात जुने गेम मी दुसरीकडे शोधले. ते मिळतातही. निन्तेन्दोनेच नोव्हेंबर २०१६ मध्ये तळहातावर मावेल असा छोटा जुना कन्सोल काढला, आत ३० गेम्स. मित्राने अमेरिकेहून येताना आणला. मोठ्या हौसेने मारिओ लावला आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो. पुन्हा पडलो. गेम पळत होता! मला वाटलं, संपलं, वय झालं.

वय झालंच आहे, पण कारण वेगळं निघालं. जपान-अमेरिकेतले जुने टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचे. आपल्याकडची पद्धत 'पाल', तिच्यात ५० वेळा. गेमचं घड्याळ त्या चित्राला बांधलेलं. म्हणजे पालवर चालणाऱ्या सेटवर गेम साधारण एक-षष्ठांशाने हळू चालायचा. मारिओ तर हळू पळायचाच, गाणंही संथ वाजायचं. आपण जे पाठ केलं ते मूळ नव्हतंच मुळी, आपलं देशी व्हर्जन होतं.

बंदुकीची गंमत आणखी भारी. बदकांच्या गेमची बंदूक नव्या एलईडी टीव्हीसमोर धरा, एक बदक पडणार नाही. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर पूर्ण काळी व्हायची, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा. आधी काळोख दिसला, मग उजेड, म्हणजे बदक पडलं. म्हणूनच बंदूक बल्बकडे रोखून चीटिंग करता यायची नाही. (आम्ही करून पाहिलेलं आहे.) हे गणित जुन्या ठोकळा टीव्हीच्या वेगावर बेतलेलं. एलईडी टीव्ही चित्र आधी घेतो, त्यावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो. तेवढ्यात बदक उडालेलं असतं.

आणि खरं सांगू? पोटभर खेळल्यावर लक्षात आलं की यातले बरेच गेम बोअर आहेत. चार स्क्रीन झाल्या की तेच पुन्हा. गेम लहान होता म्हणून तो अवघड करून ठेवलेला, म्हणजे लवकर संपू नये. आजचा एखादा चांगला इंडी गेम यांना सहज भारी पडेल. मग मला नेमकं काय हवं होतं?

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं?

उत्तर एका झटक्याने मिळालं. डाउनलोड केलेले माझे अकरा गेम्स एका जुन्या अकाउंटवर होते. अकाउंटला लावलेला ई-मेल पहिल्या नोकरीतला. नोकरी सोडली, ई-मेल बंद झाला, पासवर्ड विसरलो, आणि मी मीच आहे हे कंपनीला पटवून देता आलं नाही. कंपनीचं नाव जाऊ द्या, चूक अर्धी माझीच. पण पैसे भरलेले गेम्स गेले ते गेलेच. दुसरीकडे १९९८ ची कॅसेट दादाच्या डब्यात पडून होती आणि तिला कधी कुणी पासवर्ड विचारला नाही.

जून २०१३ ची गोष्ट आठवा. अमेरिकेत ई-थ्री प्रदर्शनात एक्सबॉक्स वन आणि पीएस४ आमनेसामने होते. मायक्रोसॉफ्टचा फंडा असा, की कन्सोलने दिवसातून एकदा तरी नेटवर हजेरी लावायची आणि डिस्क दुसऱ्याला द्यायची तर अटी पाळायच्या. सोनीने काय केलं? वीस-बावीस सेकंदांची एक फिल्म काढली. एकाने डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली, दुसऱ्याने थँक्यू म्हटलं, विषय खल्लास! लोक टाळ्या वाजवत सुटले. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या.

तेव्हा आपण जिंकलो होतो. मग आपणच आळसाने हरलो. दुकानात कोण जाणार, सेल लागलाय, बटण दाबा, डाउनलोड करा. डाउनलोडच्या व्यवहारात मिळतो तो गेम नाही, तो खेळण्याचा परवाना. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की 'विकत घ्या' म्हणणाऱ्या दुकानाने हा नुसता परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. डिस्क असली तरी दरवेळी सुटका नाही. युबीसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा रेसिंग गेम सर्व्हरवाचून चालायचाच नाही. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि घरोघरच्या डिस्का बशीसारख्या झाल्या. त्यावरून युरोपात 'गेम मारू नका' म्हणत सह्यांची मोहीम निघाली, जुलै २०२५ मध्ये तिने दहा लाखांचा आकडा पार केला.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के गेम्स आता दुकानात सरळ विकत मिळत नाहीत. पुस्तकांचं असं झालं असतं तर आपण केवढा आरडाओरडा केला असता!

कंपन्यांनाही हे कळतं, असं दिसतं. निन्तेन्दोने २०२५ मध्ये डाउनलोड केलेला गेम घरातल्या माणसाला उसना द्यायची सोय आणली. दोन आठवड्यांसाठी. मग तो आपोआप परत. हे वाचून मला हसू आलं. आमच्या आळीत कॅसेट एकदा गेली की दोन आठवड्यांत परत आलीय, असं कधी झालंच नाही. ती आणायला जावं लागायचं. मग तिथे बसणं व्हायचं, चहा व्हायचा, एक डाव व्हायचा.

मला हवं होतं ते हे होतं.

थांब की जरा

गेल्या दिवाळीत वालूरला गेलो. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पावसाने मराठवाड्याची दैना केली होती. दादाचं सोयाबीन पाण्यात गेलं, हे आईकडून कळलेलं. फोन करावा, असं चारदा मनात आलं होतं. केला नव्हता. काय बोलणार? पाडव्याच्या दिवशी माळा आवरताना सेट सापडला. पुसला. अडॅप्टर लावला तर लाल दिवा लागला! मग मात्र राहवेना. चप्पल घातली आणि काकांच्या घरी गेलो.

काकूंनी दारातच पायावर पाणी दिलं. दादा ओसरीवर बसला होता.

"कव्हा आलास?"

"परवा. दादा, तो कॅसेटचा डबा आहे का रे अजून?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "एकवीस वर्षांनी घरी आलास अन् कॅसेट मागायलास व्हय?"

मला काही सुचेना. तो उठून आत गेला. मला वाटलं, चिडला. पाच मिनिटांनी पत्र्याचा डबा घेऊन आला. आत सहा कॅसेट, बंदूक आणि रबर लावून गुंडाळलेला एक नंबरचा रिमोट.

काकांचा जुना ठोकळा टीव्ही मागच्या खोलीत होता, तो आम्ही दोघांनी उचलून आणला. कॅसेट लावली. स्क्रीनवर नुसत्या रेघा. दादाने सवयीने कॅसेटमध्ये फुंकर मारायला तोंड पुढे केलं, मी थांबवला. फुंकरीने काही होत नाही, उलट थुंकीच्या ओलीने पट्ट्या गंजतात. आपण कॅसेट काढून पुन्हा घालायचो, त्याने काम व्हायचं. दादाच्या पोराचं खोडरबर घेतलं आणि पट्ट्या घासायला बसलो. दादा म्हणाला, "बारव साफ केली त्या वक्ताला असंच वाटलं होतं, आत काय राहिलं असंल म्हणून." आमच्या गावची ती गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव कचऱ्याने भरली होती, गावकऱ्यांनी ती उपसून काढली. पायऱ्या जागच्या जागी होत्या.

चौथ्यांदा लावली आणि यादी आली. ९९९९९९९ इन वन. दादाचा बारा वर्षांचा पोरगा "एवढे गेम?" म्हणून ओरडला. आम्ही दोघं एकदमच हसलो.

कॉन्ट्रा लावला. दादाची बोटं आपोआप चालली : वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. जगभरच्या पोरांना पाठ असलेला हा कोड. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रेडियस'साठी तो टाकला, कारण तपासताना त्यांना स्वतःचाच गेम जमत नव्हता. कॉन्ट्रात त्याने तीनाच्या तीस लाइफ होतात. वालूरपर्यंत तो कसा पोचला, देव जाणे.

तिसरी लेव्हल म्हणजे धबधबा. खेळलेल्यांना माहीतच आहे. दोघांनी उड्या मारत वर चढायचं. जो पुढे जातो त्याच्याबरोबर स्क्रीन वर सरकते, आणि जो खाली राहतो तो स्क्रीनच्या कडेला लागून मरतो. शत्रूने गोळी घालायचीही गरज नाही. मी नेहमीप्रमाणे भराभर चढलो. दादा मेला. पुन्हा चढलो, पुन्हा मेला. चौथ्यांदा त्याने रिमोट खाली ठेवला.

"थांब की जरा. लहानपणापासून असंच. वर गेलास की खाली बघतच नाहीस."

तो गेमबद्दलच बोलत होता. मी "हो" म्हटलं आणि त्याच्यासाठी थांबलो. एक फळी तो, एक फळी मी. धबधबा पार व्हायला खूप वेळ लागला. मग चहा आला, आणि चहावर सोयाबीनचं बोलणं निघालं. किती एकर गेलं, पंचनामा कधी झाला, पुढे काय पेरायचं ठरवतोय. फोनवर जे विचारता येत नव्हतं ते स्क्रीनकडे बघत बघत विचारून झालं.

निघताना दादाने डबा पुढे केला, "घेऊन जाय पुण्याला." मी नको म्हटलं. उलट अडॅप्टर आणि दोन नंबरचा रिमोट त्याच्याकडेच ठेवला. वाटणीनंतर पहिल्यांदा सेट आणि कॅसेट एका घरात.

पोरगा दारापर्यंत आला. "काका, तुमच्या पीएस५ चा एखादा गेम मला आणता येईल का?" मी मनात मोजलं. चाळीस गेम्स आहेत. देता येतील असे, म्हणजे डिस्कवाले, तीन. पुढच्या खेपेला माझा जुना पीएस४ आणि त्याच्या पाच डिस्का त्याच्यासाठी नेणार आहे. आणि हो, आता घेतो ते डिस्कवरच घेतो. थोडे महाग पडतात, पडू देत.

परवा रविवारी दादाचा फोन आला. "पोरगं धबधब्यावर अडकलंय. कव्हा येतो?"

तुमच्याही माळ्यावर सेट असेल तर...

• कॅसेटच्या पट्ट्या आधी पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड फिरवा. पूर्ण सुकल्याशिवाय लावू नका. फुंकर तर नाहीच.

• अडॅप्टर हरवला असेल तर मिळेल तो खुपसू नका. सेटच्या मागे किती व्होल्ट आणि प्लस-मायनस कुठे ते बघा, नाहीतर जवळच्या टीव्ही रिपेअरवाल्याला दाखवा.

• नव्या टीव्हीवर खेळणार असाल तर सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा. बटण दाबणं आणि उडी बसणं यातला उशीर कमी होतो. बंदुकीसाठी मात्र ठोकळा टीव्हीच लागेल.

• डाउनलोड गेम्सचं अकाउंट ऑफिसच्या ई-मेलवर कधीच उघडू नका. नोकरी बदलते, गेम्स अडकतात.

• नवा गेम घेताना दोनच प्रश्न विचारा. सर्व्हर बंद पडला तर हा चालेल का? आणि हा कुणाला उसना देता येईल का?